घटपर्णीचं पहिलं वर्ष

झाड मलूल दिसलं की पाणी घालायचं, दोन दिवसांत उभारी धरली नाही तर खत घालायचं आणि तरीही जमेना तर माती बदलायची, हे आपण घरोघरी बघत आलो आहोत. मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, सगळ्यांना हा क्रम कमीअधिक चालून जातो. घटपर्णी त्यानंच मरते. माझं पहिलं रोप असं गेलं, आणि नंतर ओळखीतल्या अनेकांची रोपं त्याच वाटेनं जाताना पाहिली, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी नुकतीच घटपर्णी आणली आहे किंवा आणायचा विचार चालवला आहे, त्यांनी कुंडीला हात लावण्याआधी हे वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

घटपर्णी म्हणजे नेपेंथिस. हिच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्सच्या. काही समुद्रसपाटीलगतच्या उष्ण जंगलांत वाढतात, तर काही दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या, कायम धुक्यात असलेल्या डोंगरांवर. विकत घेताना आधी हाच फरक विचारायचा. डोंगरावरच्या जातींना रात्री १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो. आपल्या उन्हाळ्यात त्या एसीच्या खोलीशिवाय तगत नाहीत. सखल भागातल्या जातींना, म्हणजे राफ्लेसियाना, अँप्युलारिया, बायकॅल्करेटा, मिराबिलिस, ग्रॅसिलिस यांना दिवसा ३० अंशांच्या आसपासचं आणि रात्री २२ ते २५ अंशांचं तापमान मानवतं. मुंबई, कोकण, गोवा इथली हवा वर्षाचा बराच काळ अशीच असते. नर्सरीत नाव न सांगता विकलं जाणारं रोप पुष्कळदा व्हेंट्राटा किंवा मिरांडा या संकरांपैकी असतं. त्यातली व्हेंट्राटा चांगलीच सोशीक आहे. पहिल्यांदाच घेत असाल आणि निवड करायची संधी असेल तर तीच घ्या. राफ्लेसियानाच्या घटांवरचे जांभळे ठिपके कितीही मोहात पाडोत, ते रोप दुसरं म्हणून आणा.

या सखल जाती जिथे वाढतात ती जमीन फार गरीब असते. बोर्निओत पांढऱ्या वाळूचे पट्टे आहेत, जिथे भातसुद्धा पिकत नाही. पीटच्या दलदली आहेत, जिथे पाणी आम्ल आणि जमिनीत नत्र जवळजवळ नाही. वर्षभर पाऊस पडतो आणि जे काही क्षार असतील ते धुऊन नेतो. जमिनीतून मिळत नाही ते नत्र आणि स्फुरद ही वनस्पती पानाच्या टोकाला घट तयार करून किड्यामुंग्यांतून मिळवते. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. कासच्या पठारावर पावसाळ्यात निळीजांभळी होऊन पसरणारी सीतेची आसवं आणि चिकट थेंबांनी चमकणारी ड्रॉसेरा, दोन्ही कीटकभक्षीच. जांभ्या खडकावरच्या चार बोटं मातीत दुसरं काही धड रुजत नाही, तिथे या वनस्पती फुलतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा फुलांबद्दल खूप लिहिलं गेलं. पण घटपर्णी वाढवणाऱ्यानं बघावी ती तिथली माती. शेणखत तर सोडाच, साध्या कुंडीतली तांबडी मातीसुद्धा या वनस्पतींच्या मुळांना पेलत नाही.

आता माझ्या पहिल्या रोपाची गोष्ट. आम्ही पुण्याच्या पूर्वेला राहतो. सोसायटीला पाणी बोअरचं, आणि फेब्रुवारी उजाडला की टँकरचं. थंडी सरता सरता कुरिअरनं राफ्लेसियाना आली. पानं चकचकीत, बुडाशी दोन घट, त्यांच्या पोटावर उभे दोन झालरदार पंख. आठवड्याभरात दोन्ही घटांची झाकणं वाळली आणि मग घटही वरून खाली करपत गेले. विक्रेत्याला फोटो पाठवले. "मॅडम, पाणी वाढवा, रोज फवारा मारा," एवढंच उत्तर आलं. पाणी वाढलं, फवारा सुरू झाला. महिन्याभरात पानांच्या कडा तपकिरी पडल्या आणि पानांवर पांढुरके डाग दिसायला लागले. मग मी कुंडी उचलून जवळच्या नर्सरीत नेली. तिथले दादा जाणते होते, त्यांचे गुलाब आणि शेवंती बघत राहावं असे. त्यांनी रोप काढून मुळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, यात मातीच नाही. नुसता भुसा आहे. झाडानं खायचं काय?" त्यांनी मॉस झटकलं, काळी पडलेली मुळं कापली, तांबडी माती, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून कुंडी भरली. गुलाबासाठी यात काहीच चुकीचं नव्हतं.

घटपर्णीनं त्यानंतर एकच पान काढलं. ते अर्ध्यावर थांबलं, टोकाची कळी काळी पडली, मग बुंधा मातीलगत मऊ झाला. मे महिन्यात रोप गेलं. कुंडी रिकामी करताना आतल्या कडेला क्षाराचा पांढरा थर बोटाला लागत होता.

त्याच सुमारास चिपळूणला वन्संकडे गेले होते. त्यांच्या पडवीत वाशाला टांगलेली घटपर्णी, नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांत लावलेली, आणि तिला सातआठ घट. विचारलं, "वन्सं, हिचं तुम्ही करता तरी काय?" त्या म्हणाल्या, "अगं, काही नाही. विहिरीचं पाणी घालते, तेही आठवण झाली की." मी बाटलीभर विहिरीचं पाणी पुण्याला आणलं. पाण्यातले क्षार मोजायचा, पेनासारखा टीडीएस मीटर ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात तो १०० च्या बराच खाली थांबला. आमच्या नळाच्या पाण्यात ७०० च्या वर गेला.

म्हणून सांगते, रोप मागवण्याआधी मीटर मागवा. घटपर्णीसाठी पाणी ५० पीपीएमच्या आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालतं, आणि त्याच्या वर गेलं की रोज घातलेल्या पाण्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मात्र कुंडीत साठत राहतात. मुळांभोवती क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड तहानल्यासारखं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो, म्हणजे आणखी क्षार घालतो. पानांच्या कडा आतपर्यंत तपकिरी होत गेल्या, तर खताचा विचारही न करता आधी पाणी तपासा.

पाणी उकळून गार केलं की शुद्ध होतं, हे पिण्यापुरतं खरं आहे. उकळल्यानं जंतू मरतात. विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात आणि वाफ गेल्यामुळे उलट थोडे दाटच होतात. रात्रभर बादलीत ठेवल्यानं क्लोरीन उडतो, क्षार नाही. साध्या कँडलच्या किंवा यूव्ही फिल्टरनंही क्षार जात नाहीत. आरओनं जातात, पण हल्लीच्या बऱ्याच घरगुती आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळायची सोय असते, त्यामुळे नळीतून येणारं पाणी मीटरनं मोजल्याशिवाय घालू नका. बाटलीबंद मिनरल वॉटरचंही तेच. मुंबईकरांना तलावांचं पाणी मिळतं, ते मुळातच हलकं असतं. तिथेही सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत नाही ना, एवढं बघा. बॅटरीत घालायचं म्हणून मिळणारं पाणी चालतं, पण लेबलवर डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड असं स्पष्ट लिहिलेलं हवं. शेजारच्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं.

सगळ्यांत चांगलं पावसाचं. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरी गच्चीवरची धूळ धुऊन नेतात, त्या सोडून द्यायच्या आणि नंतरचं पाणी धरायचं. आम्ही गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम ठेवतो, तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधतो. एका कुंडीला वर्षाला लागणारं पाणी फार नसतं. भरलेले कॅन अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवले की शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. ज्या घरात पाऊस धरायला जागा नाही तिथे एसीचं पाणी उपयोगी पडतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पण आतल्या जाळीवर साचलेली धूळ आणि बुरशी येते, म्हणून नुकत्याच सर्व्हिसिंग केलेल्या एसीचंच घ्या.

पाणी घालायचं ते वरून, कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं, आणि मग वरचा थर जरासा सुकेपर्यंत थांबायचं. कीटकभक्षी झाडांची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. तो व्हीनस फ्लायट्रॅपसाठी बरोबर आहे. घटपर्णीच्या बहुतेक जातींची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात. अँप्युलारिया आणि बायकॅल्करेटा या दलदलीतल्या जातींना जास्त ओल चालते, बाकीच्यांना नाही. शिवाय डेंग्यूचा डास अशाच ताटल्यांत अंडी घालतो.

रोप घरी आलं की पहिले काही आठवडे काय करायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घाई होते ती तिथेच. कुरिअरच्या अंधारात तीन-चार दिवस काढून आलेलं रोप असतं. ते विक्रेत्याच्या शेडमध्ये, ऐंशी टक्के दमट हवेत वाढलेलं असतं आणि एकदम आपल्या पंख्याखाली येतं. त्याचे घट वाळणार, हे धरूनच चाला. घट हा पानाचाच भाग आहे, त्याचं आयुष्य तसंही काही महिन्यांचं, आणि हवापालट झाला की झाड सगळ्यांत आधी घट सोडतं. वाळलेला भाग तेवढा कात्रीनं कापा. पान हिरवं असेल तर पान ठेवा, ते अजून काम करत असतं. प्रवासात घटांतला रस सांडला असेल तर उघडलेल्या घटात पाव भाग डिस्टिल्ड पाणी घाला. न उघडलेल्या घटाचं झाकण बोटानं उचकटू नका. तो आत रस तयार करतो आहे. आणि किडा आत पडल्यावर झाकण मिटतं हा समज चुकीचा आहे, हे मुलांनाही सांगून ठेवा. झाकण एकदा उघडलं की उघडंच. ते पावसापासून आडोसा धरतं. किडा फसतो तो ओल्या, निसरड्या काठामुळे: तिथे मध असतो, मुंगी येते, पायाखाली पाण्याचा पातळ थर असतो आणि ती घसरते. आतला रस चिकट असल्यानं तिला वर येता येत नाही.

रोपाची तब्येत नव्या पानावरून जोखायची. मधल्या पोंग्यातून टोकदार, फिकट पान वर येताना दिसलं की मुळं काम करत आहेत. जुन्या पानाचे घट गेले तरी चालेल. नवं पान आधीच्या पानाएवढं किंवा मोठं येतंय का, आणि त्याच्या टोकाशी मोहरीएवढी कळी हिरवी राहते का, एवढंच बघत राहा. पहिल्या दोन-तीन पानांच्या कळ्या बऱ्याचदा वाळतात. नंतर एखादी तंतूच्या टोकाशी फुगायला लागते, आधी चपटी, मग वर वळते, हवा भरल्यासारखी गोलावते, रंग चढतो आणि झाकण सुटतं. चांगल्या हवेतही यात कित्येक आठवडे जातात.

या काळात कुंडी बदलू नका, खत घालू नका, जागा रोज बदलू नका. एकच उपाय करा: काड्यांचा आधार देऊन रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला आणि कुंडी उजेडात, पण उन्हाच्या तिरिपेपासून लांब ठेवा. उन्हात ठेवलेल्या पिशवीत रोप तासाभरात शिजतं. नवं पान हलायला लागलं की पिशवीला चारदोन भोकं पाडा, काही दिवसांनी आणखी, मग एक बाजू कापा, मग काढून टाका. झाडाला कोरड्या हवेची सवय लागते ती अशी हळूहळू.

कोरडी हवा हा देशावरच्या माणसाचा मोठा प्रश्न आहे. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. घटपर्णीला ६० च्या वर हवी. पानं ४० टक्क्यांतही येतात, घट येत नाहीत. कळी तंतूच्या टोकाशी काळी होऊन गळते. फवारा मारून काही मिनिटांपुरतीच हवा ओली होते आणि जड पाण्याचा फवारा असेल तर पानावर डाग राहतात, माझ्या पहिल्या रोपावर पडले होते तसे. मी शेवटी गॅलरीच्या कोपऱ्यात एक जुना काचेचा फिश टँक ठेवला, तळाशी ओले खडे, वर तीन-चतुर्थांश झाकेल अशी काच. रोप खड्यांवर, पाण्याला न टेकता. वरून एलईडीची पांढरी ट्यूब, दिवसाला बारा तास. मार्च ते मे रोप तिथे, जून लागला की बाहेर. पावसाळ्यात पुण्याची हवासुद्धा तिला आवडते. जून ते ऑक्टोबर या काळातच आमच्याकडे सगळ्यांत मोठे घट येतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना यातलं काही लागणार नाही, पूर्वेची खिडकी पुरेल. एसीच्या झोतासमोर मात्र ठेवू नका.

थंडीचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली जातो. सखल जातींना १८ च्या खाली राहणं जड जातं. एखादी रात्र निभावते, महिनाभर नाही. वाढ थांबते, पानं फिकी होतात, आणि अशा वेळी संध्याकाळी गार पाणी घातलं की बुंधा सडतो. नोव्हेंबरअखेर रोप घरात घ्या, भिंतीच्या बाजूला ठेवा, पाणी सकाळी, खोलीच्या तापमानाचं आणि कमी. नवं पान आलं नाही म्हणून घाबरू नका.

कुंडीत काय भरायचं? मी निम्मं स्फॅग्नम मॉस आणि निम्मं परलाइट वापरते. मॉस ऑर्किडवाल्यांकडे सुक्या विटेसारखं मिळतं, महाग आहे, पण एका कुंडीला मूठ-दोन मूठ पुरतं. वन्संसारखे सोडणांचे तुकडेही उत्तम. कोकोपीट स्वस्त पडतं, मात्र नारळाच्या सालांतले आणि ती कुजवताना वापरलेल्या पाण्यातले क्षार त्यात भरपूर असतात. ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी टाकून, परत भिजवून, पिळलेल्या पाण्याचा आकडा मीटरवर १०० च्या खाली येईपर्यंत धुवा. हे न करता वापरलेल्या कोकोपीटनं किती रोपं गेली असतील! कुंडी प्लास्टिकची घ्या. मातीची कुंडी क्षार शोषून धरते आणि मुळं वाळवते.

कुंडी बदलताना एक गोष्ट डोळ्यांनी नीट बघून घ्या. घटपर्णीची निरोगी मुळं काळी असतात. काळी, केसासारखी बारीक, आणि वाकवली की मोडणारी. आपल्याला पांढरी मुळं म्हणजे चांगली हे माहीत असतं, त्यामुळे काळी मुळं पाहिली की ती सडलेली समजून कापली जातात. माझ्या रोपाची कापली गेली ती अशीच, आणि ती बहुधा शाबूत होती. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा राहतो. शाबूत मूळ कडक लागतं, टोकाला थोडं फिकट असतं. मुळं फार थोडी असतात, म्हणून गठ्ठा न सोडवता तसाच नव्या कुंडीत बसवा.

उजेडाचं सोपं आहे. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं आणि पश्चिमेचं नाही. तिथे हिरवी नेट बांधा. पानं गर्द हिरवी, लांब आणि लुळी असतील तर उजेड कमी आहे. पानांवर जरा तांबूस झाक आली तर पुरेसा आहे.

घटात चिकनचा तुकडा, पनीर, भात असलं काही घालू नका. ते कुजतं, वास सुटतो, घट काळा होतो. रोप गॅलरीत असेल तर मुंग्या आपण होऊन येतात. घरातच असेल तर महिन्यातून एकदा, एखाद-दुसऱ्या घटात, मासळीच्या खाण्याचा एक लहान दाणा किंवा मेलेली माशी पुरते. ते नाही दिलं तरी झाड मरत नाही. घरातले डास खाते म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. तिच्या घटात प्रामुख्यानं मुंग्या पडतात. सगळ्याच जाती शिकारी आहेत असंही नाही: अँप्युलारियाचे घट झाडांखाली जमिनीलगत तोंड वर करून बसतात आणि पडणारा पालापाचोळा पचवतात, बोर्निओतल्या हेम्सलेयानाच्या घटात लहान वटवाघळं दिवसा झोपतात आणि झाडाला त्यांची विष्ठा मिळते. हे वाचलं तेव्हापासून या झाडाबद्दलचा माझा आदर दुपटीनं वाढला.

पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत दिसला तर कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून घ्या, आठवड्यानं परत बघा. नीम तेलाचा फवारा उन्हात पानं जाळतो.

खरेदीबद्दल थोडं निक्षून सांगायचं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीबेरंगी बियांच्या पुड्या घेऊ नका. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी, बी काही महिन्यांतच निकामी होतं आणि उगवलेल्या रोपाला घट दिसण्याजोगे व्हायला वर्षं लागतात. निळे घट असलेली घटपर्णी जगात नाही. रोप घेताना जातीचं नाव, ते टिश्यू कल्चरचं की कटिंगचं, आणि किती दिवस कुंडीत मुरलेलं आहे, हे विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. आणि कोणी रानातून आणलेली खासियाना देऊ केली तर स्पष्ट नकार द्या. नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवरची. खाणी, जंगलतोड आणि रोपं उपटून नेणारे लोक यांनी ती धोक्यात आणली आहे. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथे तिच्यासाठी छोटं अभयारण्य राखलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात ती सर्वांत कडक यादीत आहे. जंगलातून उपटलेलं रोप आपल्या कुंडीत सहसा जगत नाही, आणि टेकडीवरून एक झाड कमी होतं ते होतंच.

वर्ष उलटलं आणि रोप जगलं, तर ते वेल होऊ लागतं. खोड लांबतं, पेरं सुटी होतात, वरच्या पानांचे घट वेगळ्या आकाराचे, नरसाळ्यासारखे, पंख नसलेले येतात. झाड बिघडलं असं समजू नका, जंगलात ती अशीच चढते. काडीचा आधार द्या किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडा छाटा. बुंध्याशी नवे फुटवे येतात. छाटलेल्या खोडाचे दोन-दोन पानांचे तुकडे करा, प्रत्येक पान अर्धं कापा, खालचं टोक ओल्या मॉसमध्ये खोचा आणि वर पिशवी घाला. मुळं धरायला दोन-तीन महिने लागतात. काडी हिरवी आहे तोवर उपटून बघू नका. रुजलेल्या काड्या ओळखीत वाटताना मी आता सोबत पावसाच्या पाण्याची दोन लिटरची बाटली देते, आणि घरचं पाणी मीटरनं मोजून आकडा कळवल्याशिवाय दुसरी बाटली देत नाही.